अब्बांची फियाट, नवा स्टिरिओ आणि चाळीस हिस्से

रमजान ईदला धाकटा भाऊ कुवेतहून आला तेव्हा त्याच्या सामानात एक चौकोनी खोका होता. आत गाडीत बसवायचा स्टिरिओ, त्यालाच जोडलेला रस्ता दाखवणारा स्क्रीन आणि चार स्पीकर. हे सगळे अब्बांच्या फियाटमध्ये बसवायचे असे त्याने तिकडूनच ठरवून आणले होते.

कारणही तसेच होते. अम्मीला दर तीन महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीसाठी चिपळूणहून मिरजेला न्यावे लागते. आपाचे सासरही मिरजेतच आहे. नव्या उंच गाड्यांत अम्मीला चढवत नाही, काचा बंद करून एसी लावला की तिला मळमळते. फियाटची बैठक खालची आणि सोफ्यासारखी. म्हणून ती म्हणते, "जायचं तर तुमच्या अब्बांच्या गाडीतून." कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड, पुढे इस्लामपूर, सांगली आणि मिरज असा तो लांबचा रस्ता. वाटेत अम्मीला कुराणाची तिलावत ऐकायला मिळावी आणि चालवणाऱ्याला रस्ता दिसावा, एवढीच भावाची इच्छा.

ईदच्या तिसऱ्या दिवशी त्याने डॅशबोर्डवर पेन्सिलने चौकोन आखला. 18 सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. आजच्या स्क्रीनवाल्या स्टिरिओला एवढी जागा लागतेच. अब्बांचा जुना रेडिओ काढायचा, भोवतीचा पत्रा कापायचा की काम झाले. शेजारच्या सुताराकडून पत्रा कापायचे मशीनही आणून ठेवले. उत्साहाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आणि पाच मिनिटांत आपाचा फोन आला.

"त्या पत्र्यात माझाही हिस्सा आहे. मला विचारलंत का?"

भाऊ आधी हसला. मग आम्ही सगळेच गप्प झालो.

सात हिस्से

अब्बांचा इंतकाल होऊन तीन वर्षे झाली. घर आणि आंब्याची कलमे यांची वाटणी आम्ही शरीयतप्रमाणे कागदावर केली होती. गाडी मात्र कोणाच्या लक्षातच आली नाही. जुनी गाडी, तिची कसली वाटणी, असे आम्ही गृहीत धरले होते. आरसी बुकावर अजून अब्बांचेच नाव होते.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. कर्ज आणि वसीयत काही नाही. पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. गाडीचे चाळीस हिस्से मानले तर अम्मीचे पाच, आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा आणि आपाचे सात. सात हिस्से आपाचे आणि पाच अम्मीचे असताना आम्ही दोघेच पत्रा कापायला निघालो होतो. किंमत किती हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला न विचारता कायमची खोट आणायची का, हा प्रश्न होता. पैशांची वाटणी करताना आपण काटेकोर असतो. जुनी वस्तू असली की तोच काटेकोरपणा विसरतो.

मशीन सुताराला परत गेले. पेन्सिलची रेघ ओल्या फडक्याने पुसली. आपाला फोन करून अम्मी म्हणाली, "काही कापायचं नाही. पण मला तिलावत ऐकायची आहे." म्हणजे दोघींचे ऐकायचे होते.

कुर्ल्याची गाडी

वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही गाडी कधी ना कधी असेल. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. मूळ इटलीची फियाट 1100. 1970च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, पुढेही सलग बाक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला पहिल्या पानावर निरोप दिला.

आमची गाडी 1978ची. अब्बांनी ती जुनीच घेतली होती. तिच्यात दोन गोल बटणांचा आणि मधे काचेची पट्टी असलेला रेडिओ आहे. रात्री मुंबईहून परतताना अब्बा आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लावायचे. रेडिओ बंद पडून वीस वर्षे झाली, तरी तो त्यांनी कधी काढला नाही.

एकदा धूर निघाला होता

नवीन स्टिरिओची भीती आम्हाला आणखी एका कारणाने होती. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात स्वस्तातला टेप बसवून घेतला होता. मुलाने अर्ध्या तासात काम उरकले. वरातीहून परतताना डॅशबोर्डखालून जळका वास आला, मग धूर. मागे चार मुले बसली होती. अब्बांनी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले आणि बॅटरीची तार हाताने उपटून काढली, म्हणून निभावले. नंतर पाहिले तर वायर थेट इग्निशनच्या तारेला पिळ देऊन जोडलेली, मधे फ्यूज नाही. पत्र्याच्या कडेला घासून तिचे प्लास्टिक सोलले गेले होते.

या वेळी मात्र आम्ही आधी माणूस शोधला. मुंबईत टॅक्सींचे वायरिंग करण्यात उमेद घालवलेले एक चाचा आता गावी राहतात. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर गाठून विचारले. ते म्हणाले, "उद्या मल्टीमीटर घेऊन येतो. तोपर्यंत काही खोलू नका."

चाचांनी आधी काय तपासले

चाचांनी पहिल्यांदा बॅटरी पाहिली. किती व्होल्टची आणि कुठले टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. काही जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असत आणि जुन्या इंग्रजी गाड्यांत पुष्कळदा धन टोक पत्र्याला जोडलेले असे. आजचा स्टिरिओ बारा व्होल्टचा आणि ऋण टोक पत्र्याला असलेल्या गाडीसाठीच असतो. उलटा जोडला तर क्षणात जळतो. आमची गाडी बारा व्होल्टची आणि ऋण टोकाची निघाली, पण चाचा म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय ते सोडा. चाळीस वर्षांत कोणी काय बदललंय ते मीटर सांगतो."

दुसरी गोष्ट विजेचा हिशेब. नव्या गाडीत अल्टरनेटर असतो. तो इंजिन मंद चालत असतानाही बऱ्यापैकी वीज देतो. आमच्या गाडीत डायनॅमो आहे. इंजिन मंद असले की तो जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर पडतो. घरातल्या दहावीतल्या मुलीला हिशेब दिला. तिने शाळेत शिकलेले सूत्र लावले : शक्ती भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. हेडलाइटचे दोन दिवे 45 वॉटचे, मागचे बारीक दिवे मिळून आणखी 15. एकूण 105 वॉट, भागिले 12, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. त्यावर स्टिरिओचे तीन-चार आणि स्क्रीनचा एखादा. रात्री रेल्वे फाटकाशी दिवे आणि आवाज चालू ठेवून उभे राहिलो तर ही सगळी वीज बॅटरीतूनच जाणार.

"पण खोक्यावर तर 200 वॉट लिहिलंय," ती म्हणाली.

चाचा हसले. "ते खोक्यावरचं आहे, बेटी." चार स्पीकरना पन्नास-पन्नास वॉट हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. बारा व्होल्टवर चालणारा साधा स्टिरिओ सतत देतो ते एका स्पीकरला पंधरा-वीस वॉटच्या घरात. घरच्यासारख्या आवाजात ऐकले तर त्याहूनही पुष्कळ कमी.

न कापता कसे बसवले

भावाने आणलेला मोठा स्टिरिओ डॅशबोर्ड न कापता बसणार नव्हता. तो शेवटी मिरजेला दुल्हेभाईंच्या नव्या गाडीत गेला. तिथे तेवढ्या मापाची जागा तयारच होती. त्याच्या किमतीत दुल्हेभाईंनी दोन वस्तू घेऊन दिल्या : 18 बाय 5 सेंटिमीटरचा, स्क्रीन नसलेला ब्लूटूथचा स्टिरिओ आणि डॅशबोर्डवर ठेवायचा सुटा सात इंची स्क्रीन.

सुताराने प्लायवूडची पेटी केली. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आधीच असलेल्या दोन भोकांत पट्टी अडकवून ती टांगली. एकही नवे भोक पाडले नाही. दारांना हात लावला नाही. मागच्या काचेखालची हार्डबोर्डची फळी काढून माळ्यावर ठेवली आणि तशीच नवी फळी कापून तिच्यात दोन स्पीकर बसवले. पुढचे दोन स्पीकर पेटीतच. उद्या कोणी म्हणाले, गाडी होती तशी करा, तर एक पान्हा आणि एक तास पुरेल.

वायरिंगचे काम चाचांनी सावकाश केले. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

स्टिरिओची पिवळी तार कायम वीज घेते, घड्याळ आणि आठवण जपण्यासाठी. लाल तार चावी फिरवल्यावर वीज घेते. काळी तार पत्र्याला, तीही रंग खरवडून उघड्या धातूला. पिवळी तार चाचांनी थेट बॅटरीपासून आणली आणि बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज बसवला. फ्यूज स्टिरिओजवळ लावला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते. ती कुठे घासली तर फ्यूजला कळतही नाही. पत्र्यातून तार जाते त्या प्रत्येक भोकात रबराची कडी घातली. आमच्या गाडीत धूर निघाला होता तो ही कडी नसल्यामुळे.

स्पीकरच्या तारा हा दुसरा सापळा. जुन्या गाड्यांत स्पीकरची एकच तार यायची आणि दुसरे टोक पत्र्याला लावलेले असायचे. आजच्या स्टिरिओला हे चालत नाही. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा स्टिरिओपर्यंत परत आल्याच पाहिजेत. पत्र्याला लागल्या तर आतला भाग जळतो. पांढरी आणि राखाडी जोडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची. काळी रेघ असलेली ती ऋण.

इंजिन चालू केले तर स्पीकरमधून करकर ऐकू आली, आणि एक्सलेटर दाबला की ती वाढायची. अम्मी म्हणाली, "हे तर अब्बांच्या रेडिओसारखंच झालं." डायनॅमोच्या ब्रशच्या आणि स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा तो आवाज. चाचांनी डायनॅमोच्या मुख्य टोकावर आणि इग्निशन कॉइलच्या वीज येणाऱ्या टोकावर एकेक कंडेन्सर लावला. डायनॅमोच्या फील्ड टोकाला किंवा कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला तो लावायचा नसतो, नाहीतर चार्जिंग किंवा इंजिनच बिघडते. प्लगच्या टोप्या रोधवाल्या घातल्या. करकर थांबली.

शेवटी बॅटरीवर पाच सेकंदांत बंद करता येईल असे बटण बसवले. स्टिरिओ बंद असतानाही घड्याळासाठी थोडी वीज खात राहतो. रोज चालणाऱ्या गाडीला ते कळत नाही. तीन-तीन आठवडे छपरात उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी मात्र त्याने उतरते. आणि पुन्हा कधी धूर निघाला तर तार उपटत बसावे लागणार नाही.

रस्ता सांगणारा

स्क्रीन कुठे ठेवायचा यावर पुन्हा चर्चा झाली. आतला जीपीएस सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकतो. जागा नेमकी कळायला एका वेळी निदान चार उपग्रह लागतात. पत्र्याच्या टपाखाली ते संदेश अडतात, म्हणून तो पुढच्या काचेजवळ हवा. पण चालवणाऱ्याच्या नजरेआड येता कामा नये. आम्ही तो स्टिअरिंगच्या डावीकडे, काचेच्या तळाशी, चिमट्याने पकडणाऱ्या स्टँडवर ठेवला. ठिकाण गाडी उभी असतानाच टाकायचे, चालताना स्क्रीनला हात लावायचा नाही आणि फक्त बोलणे ऐकायचे, असा घरचा नियम केला. कायदाही रस्ता पाहण्यापुरतीच आणि लक्ष विचलित होणार नाही अशीच मुभा देतो.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागते. घाटात मोबाईलची रेंज गेली तरी आपण कुठे आहोत हे यंत्राला कळत असते. नकाशा मात्र कोरा होतो. म्हणून निघण्याआधी घरच्या वायफायवर रत्नागिरी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांचे नकाशे उतरवून घेतले. कुंभार्लीत फोनची रेंज गेली तरी स्क्रीनवरची वळणे दिसतच राहिली.

पहिल्या फेरीत तो चुकलाही. इस्लामपूरच्या पुढे दहा मिनिटे वाचतील म्हणून त्याने उसाच्या फडातला रस्ता दाखवला. आम्ही वळलो. समोरून उसाची ट्रॉली आली आणि मागे-पुढे होण्याची सोय उरली नाही. बांधावर बसलेल्या एका आजोबांनी हाताने खुणा करून वस्तीच्या अंगणातून गाडी बाहेर काढून दिली. पुढे जाताना अम्मी म्हणाली, "तुमचे अब्बा आधीच उतरून विचारायचे. वर चहाही पिऊन यायचे." यंत्राला अंतर कळते. रस्ता किती अरुंद आहे, आपली गाडी किती जुनी आहे, घाटात तिला पंधरा मिनिटे थंड व्हायला थांबावे लागते, हे त्याला कळत नाही. आता आम्ही तो सांगेल त्या वेळेत पाऊण तास मिळवतो. असरच्या नमाजसाठी कराडची मशीद आधीच थांबा म्हणून टाकून ठेवतो.

कागदही दुरुस्त केले

या सगळ्यात आपाच्या एका फोनमुळे राहिलेले कामही झाले. मालकाचा इंतकाल झाला की वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करायची, असा नियम आहे. आम्ही तीन वर्षे उशीर केला होता, त्याचा भुर्दंड भरला. गाडी पंधरा वर्षांहून जुनी असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते. इतर वारसांच्या संमतीचे कागद जोडून ती अम्मीच्या नावावर केली. विमा उतरवताना स्टिरिओची किंमत वेगळी लिहून घेतली.

हिश्श्यांचेही लिहून ठेवले. चिपळूणच्या गॅरेजवाल्याकडून गाडीची किंमत करून घेतली आणि आपाच्या सात हिश्श्यांचे पैसे तिच्यापुढे ठेवले. तिने ते घेतले. "बहिणीने हक्क सोडून द्यायचा आणि भावांनी तो सोडायला लावायचा, ही रीत आपल्या घरात नको," ती म्हणाली. मग त्यातलेच काही पैसे तिने गाडीच्या नव्या टायरसाठी परत दिले, पण आधी हातात घेऊन, आपले म्हणून.

आपल्या घरांत अशा कितीतरी वस्तू असतात. शिलाई मशीन, तांब्याची भांडी, दादाजींचे घड्याळ, अंगणातली जुनी गाडी. त्या वापरात राहाव्यात, त्यांना नवे काही जोडावे, यात गैर काही नाही. बंद खोलीत गंजत ठेवण्यापेक्षा ते बरेच. फक्त जोडताना दोन गोष्टी विचाराव्यात. ही वस्तू माझ्या एकट्याची आहे का? आणि आज जे करतो आहे ते उद्या कोणाला परत फिरवता येईल का? अमानत सांभाळणे म्हणजे दुसरे काय!

मिरजेहून परतताना कोयनानगरच्या पुढे अंधार पडला. हेडलाइट लावले तेव्हा हिशेब आठवून आवाज कमी केला. अम्मी पुढच्या बाकावर सूरह यासीन ऐकत बसली होती. तिचा हात डॅशबोर्डवर होता, अब्बांच्या बंद रेडिओच्या बटणावर. तो रेडिओ जिथे होता तिथेच आहे.